‘न्यू होरायझन्स’मधील स्ट्रिंगफिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा निन्टेंडो स्विच या यंत्रावरचा, स्वतःचे बेट वसवून तेथे मासे वगैरे पकडण्याचा खेळ २० मार्च २०२० रोजी आला. तेव्हापासून दर हिवाळ्यात मला स्ट्रिंगफिशविषयी तेच ते प्रश्न विचारले जातात, आणि मार्चअखेर जवळ आली की त्यांतला सूर काकुळतीचा होतो. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने लावले आहेत. एकदा दिलेले उत्तर पुन्हा दिलेले नाही. तेथे आधीच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्ट्रिंगफिश हा नेमका कोणता मासा आहे आणि त्याचे एवढे कौतुक कशासाठी?

खेळातील ८० माशांपैकी नदीत मिळणारा हा सर्वांत मौल्यवान माशांपैकी एक आहे. दुकानात त्याचे १५,००० बेल्स (खेळातील चलन) मिळतात. नदीतील माशांत एवढी किंमत फक्त आणखी दोघांना आहे, डोराडो आणि गोल्डन ट्राउट. डोराडो ऐन उन्हाळ्यात भेटतो, गोल्डन ट्राउट वसंतात आणि शरदात, तर थंडीचे चार महिने स्ट्रिंगफिशचे. शिवाय आकाराने तो या तिघांत थोरला आहे. मात्र त्याच्या मागे लागणारे बहुतेक लोक पैशांसाठी लागत नाहीत. माशांच्या यादीत एकच चौकोन रिकामा राहिलेला असतो, आणि तो बहुधा याचा असतो.

२. तो कोणत्या महिन्यांत आणि किती वाजता मिळतो?

उत्तर गोलार्धातील बेटावर डिसेंबर ते मार्च आणि दक्षिण गोलार्धातील बेटावर जून ते सप्टेंबर. दोन्हीकडे वेळ दुपारी ४ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंतची आहे. म्हणजे दिवसभर काम करून रात्री खेळणाऱ्याला तो सोयीचा आहे, आणि ज्यांना फक्त रविवारच्या दुपारी जेवण झाल्यावर खेळायला सवड मिळते त्यांच्यासाठी अगदीच गैरसोयीचा. पहाटे लवकर उठणाऱ्यांनाही संधी आहे. चहा होईपर्यंतचा अर्धा तास त्यांनी वाया घालवू नये.

३. मी नदीवर रोज रात्री गळ टाकतो, पण एकदाही मिळाला नाही. चूक कुठे होते आहे?

जवळजवळ नेहमी चूक जागेची असते. स्ट्रिंगफिश कोणत्याही नदीत येत नाही. तो फक्त कड्यावरच्या, म्हणजे बेटाच्या उंच पातळीवरून वाहणाऱ्या नदीत येतो. खाली सपाटीवर, आपल्या घराशेजारून आणि दुकानामागून वाहणाऱ्या नदीत चारही महिने गळ टाकून बसले तरी तो लागणार नाही, कारण तेथे तो निर्माणच होत नाही. मला आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांचे उत्तर या एका परिच्छेदात संपते, असे म्हणायला हरकत नाही.

हा घोटाळा होण्याला खेळाची रचनाही कारणीभूत आहे. माशाची जागा, महिने आणि वेळ दाखवणारी नोंदवही तो मासा एकदा पकडल्यावरच उघडते. त्यामुळे ज्याला माहितीची खरी गरज असते, नेमक्या त्यालाच ती मिळत नाही. त्यात ‘न्यू लीफ’सारखे मालिकेतील जुने खेळ खेळलेल्यांची फसगत आणखी सहज होते, कारण तेथे हाच मासा साध्या नदीत मिळत असे आणि हाताला तीच सवय असते.

४. ‘कड्यावरची नदी’ म्हणजे नेमके कोणते पाणी?

समुद्रकिनाऱ्याच्या पातळीवरून शिडी लावून किंवा उतार चढून आपण ज्या पठारावर जातो, त्या पठारावरचे वाहते पाणी म्हणजे कड्यावरची नदी. तुमच्या बेटावर धबधबा असेल तर त्याच्या माथ्याच्या मागचा प्रवाह ही हक्काची जागा. धबधबा जेथे पडतो तो खालचा डोह मात्र या हिशेबात येत नाही. पाणी वरून आले असले तरी खेळ ते ज्या पातळीवर आहे ती पातळी पाहतो.

पठारावर चारही बाजूंनी जमिनीने वेढलेले, कोठेही न वाहणारे पाणी असेल तर ते तळे ठरते आणि त्यात तळ्यातले मासे येतात. सुंदर दिसते म्हणून अनेकांनी वर अशी तळी खणलेली असतात, आणि मग त्यांना हिवाळाभर कार्प मिळत राहतात.

५. माझ्या बेटावर वर नदीच नाही. मग काय करावे?

बेटाला दर्जाचे तीन तारे मिळून के. के. स्लायडर या खेळातील गायकाची मैफल झाली की जमिनीला आकार देण्याची सोय सुरू होते. पाणी वळवण्याचा परवाना ६,००० नूक माइल्सना (खेळात कामे करून मिळणारे गुण) आणि कडे घडवण्याचा परवानाही तेवढ्यालाच मिळतो. वरच्या पठारावर एक अरुंद ओढा खणून तो कड्याच्या टोकापर्यंत आणावा आणि खाली धबधब्याच्या रूपाने सोडावा, म्हणजे ते वाहते पाणी ठरते. शोभेचा विचार नसेल तर ओढा लहानच ठेवावा, कारण आमिष टाकताना फार चालावे लागत नाही. काम झाल्यावर तो बुजवून टाकता येतो.

एवढ्यापर्यंत पोहोचायला अजून अवकाश असेल, तर ज्या मित्राच्या बेटावर वर नदी आहे त्याच्याकडे जाऊन पकडलेला मासाही तुमच्या नोंदवहीत पूर्णपणे धरला जातो.

६. पाण्यातली सावली पाहून स्ट्रिंगफिश ओळखता येतो का?

येतो, आणि हिवाळ्यात तर अगदी खात्रीने येतो. खेळात माशांच्या सावल्या लहानापासून फार मोठ्यापर्यंत ठरावीक आकारांच्या असतात. स्ट्रिंगफिशची सावली पंख नसलेल्या सावल्यांतील सर्वांत मोठी आहे. नदीत त्याच आकाराचे आणखी तीन मासे येतात: आरापैमा, स्टर्जन आणि किंग सॅमन. यांतला आरापैमा जून ते सप्टेंबर या काळातला, म्हणजे थंडीत नसतोच. स्टर्जन थंडीत असतो, पण तो आणि किंग सॅमन दोघेही नदीच्या मुखाशी, जेथे ती समुद्राला मिळते तेथेच येतात. म्हणून उत्तर गोलार्धातील बेटावर डिसेंबर ते मार्च या काळात पठारावरच्या नदीत सर्वांत मोठी सावली दिसली, तर तो स्ट्रिंगफिशच होय. तेथे शंकेला जागा उरत नाही.

फसवणूक होते ती एक आकार लहान असलेल्या सावलीने. डिसेंबरमध्ये पाइक नावाचा मासा नदीत असतो. त्याची सावली मोठी आहे, पण सर्वांत मोठी नाही, आणि अंधारात, उत्साहात दोन्ही सारख्याच वाटतात. डिसेंबर संपला की पाइकही जातो. त्यामुळे घाई नसेल तर जानेवारीत शोध सुरू करणे मनाला कमी क्लेशकारक ठरते.

७. आमिष वापरणे खरोखर गरजेचे आहे का?

गरजेचे नाही, पण न वापरता बसणे म्हणजे रिकाम्या फलाटावर वेळापत्रक न पाहता गाडीची वाट पाहणे. आमिष टाकले की त्या जागी, त्या महिन्यात आणि त्या वेळी येऊ शकणाऱ्या माशांपैकी एक लगेच प्रकट होतो. स्ट्रिंगफिशच येईल याची हमी आमिष देत नाही. ते फक्त प्रयत्नांची संख्या वाढवते. दुर्मीळ माशाच्या बाबतीत मात्र सगळा खेळ त्या संख्येचाच आहे.

एका शिंपल्यापासून एक आमिष होते. किनाऱ्यावर चालताना ओल्या वाळूतून जेथे पाण्याची चिळकांडी उडते तेथे फावड्याने खणावे, शिंपला मिळतो. खेळात त्याला मनिला क्लॅम म्हणतात. कोकणातल्या माणसाला ‘तिसरी’ म्हटले की चित्र अधिक लवकर डोळ्यांसमोर येईल. दहा आमिषांचा एक गठ्ठा खिशातला एक कप्पा व्यापतो. चार-पाच गठ्ठे दिवसाउजेडी तयार करून ठेवावेत आणि चार वाजल्यानंतर वर जावे. शिंपले खणण्याचे काम कंटाळवाणे आहे, हे कबूल केले पाहिजे. मी ते एखादी मुलाखत किंवा गाणी ऐकत करतो.

८. आमिषाने लहान मासा आला तर तोही पकडत बसावा का?

मुळीच नाही. सावली लहान किंवा मध्यम दिसली की तिला पळवून लावावे आणि पुढचे आमिष टाकावे. त्यासाठी काठावरून धावत जाणे पुरते. धावण्याच्या आवाजाने मासे बुजतात. या एका सवयीने एका संध्याकाळचे काम जवळजवळ अर्ध्यावर येते आणि गळाचीही झीज वाचते. उलट, मोठी सावली दिसल्यावर मात्र धावण्याचे बटण सोडून हळू चालावे, नाहीतर याच युक्तीने हवा असलेला मासाही निघून जाईल.

९. मोठी सावली आली, पण मासा गळाला लागून सुटला. तो सुटू नये म्हणून काय करावे?

मासा आमिषाला चोच मारल्यासारखा अनेकदा स्पर्श करतो आणि मागे सरतो. तो फसवा स्पर्श जास्तीत जास्त चार वेळा होतो. पाचव्या वेळी तो नक्की गळ गिळतो. कधी पहिल्याच वेळी गिळतो, कधी चौथ्या. म्हणून मोजत बसण्यापेक्षा आवाजाकडे लक्ष द्यावे. फसव्या स्पर्शाचा आवाज हलका, टिचकीसारखा असतो. खऱ्या वेळी बोया ‘डुबुक्’ असा खोल आवाज करून पूर्ण पाण्याखाली जातो आणि नियंत्रकाला कंप जाणवतो. बटण तेव्हाच दाबावे.

पडद्याकडे पाहणे हेच बहुतेकांच्या अपयशाचे कारण असते, कारण डोळा पहिल्याच हालचालीला दाद देतो. माझा पहिला स्ट्रिंगफिश असाच गेला. तीन संध्याकाळी घालवल्यानंतर ती लांबलचक सावली एकदाची आली, बोया जरासा हलला आणि अंगठा मेंदूला न विचारताच खाली गेला. दुसऱ्या वेळी मी सरळ डोळे मिटून घेतले. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण आवाज चालू ठेवून डोळे मिटणे हाच मला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा उपाय आहे. लोकलमध्ये आवाज बंद करून खेळणाऱ्यांनी हा मासा घरी पोहोचेपर्यंत राखून ठेवावा.

१०. चांगला गळ घेतला तर दुर्मीळ मासा लवकर मिळतो का?

नाही. गळाच्या दर्जाचा कोणता मासा येतो याच्याशी काही संबंध नाही. फरक फक्त टिकण्यात आहे. पाच फांद्यांपासून केलेला कच्चा गळ १० मासे पकडल्यावर मोडतो, त्यालाच लोखंडाचा एक तुकडा जोडून केलेला पक्का गळ ३० पर्यंत टिकतो. सोन्याचा गळ ९० पर्यंत जातो, पण त्याची कृती सर्व ८० मासे पकडल्यावरच टपालाने येते, म्हणजे स्ट्रिंगफिशच्या शोधात त्याचा उपयोग नाही. एक सूचना: मोडायला आलेल्या गळाने शोधाला निघू नये, दुसरा गळ खिशात असावा.

११. बर्फ पडत असताना किंवा पावसात तो अधिक मिळतो, हे खरे का?

खरे नाही. हवामानाची अट सीलाकँथ या समुद्रातील माशाला आहे आणि तिची सरमिसळ होऊन ही समजूत पसरली असावी.

१२. भारतीय वेळेप्रमाणे मोजायचे की जपानच्या? मी भारतात राहतो म्हणून माझे बेट उत्तर गोलार्धातच असते का?

खेळ फक्त तुमच्या यंत्रावर लावलेले घड्याळ पाहतो. त्यावर पुण्याची वेळ असेल तर पुण्याचे दुपारचे चार, न्यू जर्सीची असेल तर तिथले चार. बाहेरून मागवलेल्या काही यंत्रांवर वेळ भलतीच लावलेली असते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ते एकदा तपासावे.

गोलार्ध मात्र खेळाच्या सुरुवातीला तुम्ही स्वतः निवडलेला असतो आणि नंतर तो बदलत नाही. मेलबर्नमध्ये राहणारी तुमची बहीण उत्तर गोलार्धाचे बेट घेऊन बसलेली असू शकते. याचा फायदा असा, की ज्याचे बेट दक्षिण गोलार्धात आहे असा कोणी ओळखीचा सापडला, तर जून ते सप्टेंबर या काळात त्याच्याकडे पाहुणे म्हणून जाऊन तुम्ही हा मासा पकडू शकता. त्याच्या बेटावर त्याचा ऋतू चालतो.

१३. घड्याळ पुढे सरकवून डिसेंबर आणला तर चालते का? ही लबाडी नाही का?

तांत्रिकदृष्ट्या चालते आणि माशांच्या नोंदीवर त्याचा काहीही दुष्परिणाम होत नाही. चढ्या भावाने विकण्यासाठी साठवलेले सलगम असतील तर ते आधी विकावेत, कारण घड्याळ मागे नेले की ते सडतात. बरेच दिवस एकदम पुढे गेल्यास बेटभर तण माजते. लबाडीचे म्हणाल तर हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझे मत एवढेच, की मार्च संपायला चार दिवस उरले असताना ज्याच्या घरी परीक्षेचा अभ्यास चालू आहे, त्याने घड्याळ आठवडाभर मागे नेले तर त्याला कोणी दोष देऊ नये.

१४. पहिला मासा विकावा, दान करावा की ठेवावा?

पहिला बेटावरच्या संग्रहालयात द्यावा. दुसऱ्यापासून विचार करावा. दुकान सकाळी ८ ते रात्री १० उघडे असते आणि तेथे पूर्ण १५,००० बेल्स मिळतात. दुकान बंद झाल्यावर बाहेरच्या पेटीत टाकल्यास ८० टक्के, म्हणजे १२,००० मिळतात. हा मासा बहुधा उशिरा रात्री हाती लागतो आणि थकलेला माणूस तो पेटीत टाकून मोकळा होतो. ३,००० बेल्सचे ते नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

सर्वांत चांगला भाव सी. जे. देतो. गळ टाकत भटकणारा हा पाहुणा अधूनमधून बेटावर येतो आणि मासे दीडपट किमतीला घेतो, म्हणून स्ट्रिंगफिशचे २२,५०० होतात. तोपर्यंत मासा घरात किंवा अंगणात ठेवता येतो. तो काचेच्या टाकीत पोहत राहतो, मरत नाही. एकाच जातीचे तीन मासे त्याला दिले तर तो त्या माशाची प्रतिकृती बनवून टपालाने पाठवतो, पण मग त्या तिघांचे पैसे मिळत नाहीत. ६७,५०० बेल्सची ती शोभेची वस्तू आहे, हे मनात ठेवून ठरवावे.

१५. आमच्या घरी एकच यंत्र आहे. धाकट्या बहिणीने स्ट्रिंगफिश पकडून दान केला. माझे काम झाले का?

अर्धे झाले. संग्रहालय संपूर्ण बेटाचे एकच असते, म्हणून तेथील टाकी भरली आणि पुन्हा दान करण्याची गरज नाही. नोंदवही मात्र प्रत्येक रहिवाशाची स्वतंत्र आहे. तिच्यात नोंद होण्यासाठी मासा स्वतःच्या गळाने पकडावा लागतो. बहिणीने उदार होऊन हातात दिलेला चालत नाही. सोन्याच्या गळासाठी (प्रश्न १० पाहावा) लागणारे ८० मासेही प्रत्येकाने आपापले पकडायचे असतात. बुडी मारून मिळणारे समुद्री जीव त्या ८० मध्ये धरले जात नाहीत.

१६. हा मासा खरोखर अस्तित्वात आहे का?

आहे, आणि त्याची खरी अवस्था खेळापेक्षा गंभीर आहे. जपानमध्ये याला ‘इतो’ म्हणतात, शेवटचा ओ लांबवून. ओ आखूड उच्चारला तर त्याच शब्दाचा अर्थ दोरा असा होतो, म्हणून इंग्रजी नावात ‘स्ट्रिंग’ दिसते. तो पकडल्यावर खेळातील पात्र जी कोटी करते, की असे आणखी पाच मिळाले तर गिटारफिश होईल, तीही त्याच तारेवर वाजते. जपानी लिपीत त्याच्यासाठी मासा आणि राक्षस या दोन चिन्हांना जोडून केलेले अक्षर आहे.

शास्त्रीय नाव पॅराहुको पेरी. त्यातील पेरी म्हणजे जपानची दारे उघडायला लावणारा अमेरिकी नौदल अधिकारी मॅथ्यू पेरी. त्याच्या मोहिमेत मिळालेल्या माशावरून ब्रेव्हूर्ट या अभ्यासकाने १८५६ मध्ये या जातीचे वर्णन केले. जपानचे होक्काइदो बेट आणि रशियाचा साखालिन व आसपासचा किनारी प्रदेश हे त्याचे घर. सॅमनच्या कुळातील हा सर्वांत मोठ्या माशांपैकी एक असून दीड-दोन मीटरपर्यंत वाढू शकतो. पॅसिफिक सॅमन एकदा अंडी घालून मरतात, हा मात्र अनेक वर्षे, अनेकदा वसंतात नदीच्या वरच्या अंगाला चढून अंडी घालतो. खेळाने त्याला कड्यावर नेऊन ठेवले आहे ते या दृष्टीने अगदीच अस्थानी नाही. वाढ सावकाश, वयात येणे उशिरा आणि वरच्या प्रवाहांवर अवलंबून असणे, या तिन्हींमुळे धरणे, नद्यांचे बांधलेले काठ आणि मासेमारी यांचा फटका त्याला जबर बसला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो २००६ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. होक्काइदोच्या उत्तरेकडील सारुफुत्सू नदीत तो अजून टिकून आहे.

१७. खेळात आपल्याकडचा कोणता मोठा मासा आहे का? महसीर मिळतो का?

महसीर नाही. आपल्याकडे ज्याला खडस म्हणतात तो या ८० जणांत नाही, आणि मला त्याची उणीव जाणवते, कारण नदीतल्या थोराड माशाचे आपले चित्र तेच आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत असे मासे देवीचे म्हणून राखले जातात आणि त्यांना कोणी गळ लावत नाही. ओळखीचा म्हणता येईल असा एक मासा खेळात आहे: जायंट स्नेकहेड. तो आपल्या मरळीचा थोरला भाऊबंद असून उन्हाळ्यात तळ्यात मिळतो.

१८. सर्व अटी पाळल्या, पन्नास आमिषे संपली, तरी मिळाला नाही. माझ्या खेळात बिघाड आहे का?

बिघाड नाही. प्रत्येक आमिष ही नवी सोडत असते. आधीच्या एकोणपन्नासांची आठवण खेळ ठेवत नाही आणि पन्नासावे म्हणून सवलतही देत नाही. तरी पुन्हा खर्च करण्याआधी चार गोष्टी पडताळून पाहाव्यात. घड्याळ बरोबर आहे ना (प्रश्न १२)? सकाळचे नऊ वाजून गेलेले नाहीत ना (प्रश्न २)? जिथे उभे आहात ते पाणी वरच्या पातळीवरचे आहे आणि वाहते आहे ना (प्रश्न ४)? शेवटची खूण अशी: पकडलेल्या माशांत कार्प किंवा गोल्डफिश दिसत असेल तर तुम्ही तळ्यावर उभे आहात, ब्लॅक बास दिसत असेल तर नदीवर आहात. नदीवर असाल आणि बाकीचे सगळे जुळत असेल, तर किनाऱ्यावर जाऊन आणखी शिंपले खणावेत.